मोठ्या होडीची जागा

मंडळी, आमची नवी मोठी होडी आज सकाळी तेरणा नदीत उतरली. पलीकडच्या शेतांवर माणसं आणि कडबा नेण्यासाठी घेतली आहे.

आमचे हे लहान होडी काठच्या बाभळीला बांधायचे. हे जाऊन तीन वर्षं झाली, तरी मीही तिथंच बांधत आले. आज सवयीनं मोठी होडीही तिकडंच वळवली आणि ती अलीकडंच चिखलात रुतली.

धाकटे दीर हसले, "वैनी, उन्हाळ्यात पाणी आटलं की इथं बैलगाडीच लागंल!"

सासरे म्हणाले, "पोरी, त्याची जागा सोडू नको."

"मामा, लहान होडी आपण ओढून पाण्यात न्यायचो. ही लई जड हाय, हलायची न्हाय."

दुष्काळात आम्ही बायका घागरी घेऊन वळणावरच्या खडकापाशी जायचो. तिथलं पाणी मे महिन्यातही आटलं नव्हतं. दिरांनी चार माणसं लावून होडी चिखलातून काढली, मग मी ती तिथं नेली आणि खडकाला दोर बांधला.

मामांनी गाठ ओढून पाहिली. "ही तर त्याचीच गाठ."

"व्हय. त्यांनीच शिकवली. आता होडी बारा महिने इथंच."

घरचं माणूस गेल्यावर त्याचं काय सोडायचं आणि काय ठेवायचं, हे तुम्ही कसं ठरवलंत?