मोज्यातलं मेतकूट

मुलांच्या शाळेला हाफ-टर्मची, म्हणजे सत्राच्या मधली, सुट्टी लागली तेव्हा आम्ही आणि शेजारचं फिलिपिनो कुटुंब वेल्सला समुद्रकाठी दोन दिवस राहायला गेलो. निघताना नवऱ्याने बजावलं, "या वेळी डबेबिबे काही नकोत. तिथे मिळेल ते खायचं." मी हो म्हटलं आणि मेतकुटाची बाटली त्याच्याच लोकरी मोज्यात खुपसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाड्याच्या घरात पुन्हा विकतचे चिप्सच समोर आल्यावर मुलांनी तोंडं फिरवली. शेजारीण उठली आणि गाडीतून टॉवेलात गुंडाळलेला राइस कुकर घेऊन आली.

"हा घेतल्याशिवाय आमच्यात कुठली आई सहलीला निघत नाही," ती म्हणाली. "नवऱ्याला सांगितलंय, टॉवेलात हेअर ड्रायर आहे."

मग मीही मोजा काढला. गरम भात, वर मेतकूट आणि तूप नव्हतं म्हणून बटर. तिची मुलं बोटं चाटत होती. माझा नवरा तिसऱ्यांदा भात वाढून घेत म्हणाला, "काय गं, लोणचं नाही आणलंस?"

लोणचं दुसऱ्या मोज्यात होतं. मी ते घरी पोचेपर्यंत बाहेर काढलं नाही.