झेंड्याची दोरी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना तर नाहीच. आता सांगतोय तेही धीर आला म्हणून नव्हे — गप्प बसून बसून थकलोय.

कामरगावाकडच्या एका खेड्यात मी मास्तर होतो. एकाहत्तरच्या लढाईत त्या गावचा मधुकर गेला. बौद्धपुऱ्यातला पोरगा, वडील किसनबुवा मजुरी करायचे. पुढचा पंधरा ऑगस्ट जवळ आला तसा मीच त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, यंदा झेंडा तुमच्या हातानं. माझीच कल्पना होती ती — केवढा मोठा वाटलो होतो मी स्वतःला!

मग किसनबुवा रोज कामावरून सुटले की शाळेत यायचे, दोरी ओढायला शिकायला. गाठ एका झटक्यात सुटली पाहिजे, नाहीतर झेंडा वर अडकून बसतो. सरावाला खरा झेंडा कसा द्यायचा? ते आपला दुपट्टाच गुंडाळून बांधायचे, आत फुलांऐवजी कडुनिंबाचा पाला. पाला अंगावर पडला की हसायचे. पोरगा गेल्यावर त्या माणसाला हसताना मी तेवढंच पाहिलं.

चौदा तारखेला सरपंचांनी बोलावलं. ओरडले नाहीत, चहा पाजला. म्हणाले, "मास्तर, दोरी त्यानं ओढली त एकबी पोट्टं शाळेत येनार नाही. पाहून घ्या."

बस, एवढंच. मी राहायचो त्यांच्याच खोलीत, दूधही त्यांच्याच घरचं. पण मारणार होते का ते मला? फार तर बदली झाली असती. पोरांना देशासाठी प्राण द्यायला शिकवणारा मी — एका बदलीला भ्यालो.

सकाळी किसनबुवांकडे गेलो. धुतलेलं धोतर नेसून ते तयार, घरातली सगळी दारात उभी. आणि मी — कसं सांगू? — तोंडावर खोटं बोललो. म्हणालो, वरून हुकूम आलाय. कायद्यानं झेंडा सरपंचानंच फडकवायचा असतो.

चिडले असते तर बरं झालं असतं.

"सरकारचा कायदा हाय त बरोबरच हाय, गुरुजी. माह्या मधुकरनं कधी हुकूम मोडला नाही. मी कायले मोडू?"

झेंडावंदनाला आले. पोरांच्या रांगेमागे उभे राहिले. सरपंचांना गाठ सुटेना, तेव्हा लांबून हातानं दाखवत होते — झटका द्या, झटका. नंतर मी भाषण केलं. मधुकरवर. टाळ्याही पडल्या, लाज वाटते सांगायला.

काही वर्षांनी माझी बदली झालीच, रिठदकडे. माझ्या जागी आलेला पोरगेला मास्तर हिमतीचा निघाला. सरपंचांशी भांडला आणि किसनबुवांकडे झेंड्याचं बोलावणं घेऊन गेला. बुवांनी साफ नाही म्हटलं — पहिल्या गुरुजींनी सांगितलंय, ते कायद्यात बसत नाही. हे त्यानंच मला कामरगावच्या स्टँडवर हसत हसत सांगितलं. तुमचं ऐकतील हो ते, म्हणाला, एकदा येऊन समजावून सांगा.

मी हो म्हटलं. एस.टी. आली, चढलो. बुवा त्यानंतर बरीच वर्षं जगले. मी गेलो नाही.