कोपराच्या आतली बाजू

माणसाचा चेहरा ही त्याची खाजगी बाब आहे, हा समज माझ्या धाकट्या मेहुणीने अमरावतीतल्या आमच्या गल्लीत कोणाच्याही ठिकाणी शिल्लक ठेवलेला नाही. ती आमच्यापासून दोन घरे सोडून राहत असे. वय सत्तेचाळीस, लग्न केलेले नाही. वीस वर्षे ती एका कटलरीच्या दुकानात बांगड्या, रिबिनी, पावडरी आणि क्रीम विकत होती. दुकानात जाण्यापूर्वी ती रोज सकाळी आमच्याकडे चहाला येई. आल्यावर नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही. माझी हनुवटी दोन बोटांत धरायची, चेहरा खिडकीकडे वळवायचा आणि म्हणायचे, "भाऊजी, उजेडात या." मी तीस वर्षे शाळेत शिकवले, त्यांतली अकरा मुख्याध्यापक म्हणून. माझ्या हनुवटीला हात लावण्याचे धाडस माझ्या पत्नीनेही सहसा केलेले नाही. परंतु मेहुणीपुढे माझे काही चालले नाही. दूधवाला, पोस्टमन, घरपट्टीचा माणूस, सगळे तिच्यासमोर उजेडात उभे राहिले आहेत. एकदा मते मागायला आलेल्या उमेदवाराच्या हातातले पत्रक बाजूला सारून तिने त्याच्या गालावरचा डाग न्याहाळला आणि सांगितले, "हे आधी डॉक्टरले दाखवा, मंग मतं मागा." तो निवडून आला नाही. पण डॉक्टरांकडे मात्र गेला, आणि पुढे मुद्दाम येऊन तिला पेढे देऊन गेला. पेढे घेताना तिने त्याचा गाल पुन्हा तपासला.

दुकानाचा मालक तिच्यामुळे सदैव चिंतेत असे. गोरे करणारे क्रीम मागणाऱ्या मुलीला ती ते कधीही देत नसे. "काहून पाह्यजे? तुया रंगाले काय धाड भरली?" असे विचारून ती मुलीला खोबरेल तेलाची लहान बाटली घ्यायला लावी, आणि तीही घरी नसेल तरच. मालकाने तिला कामावरून काढण्याचा विचार अनेकदा केला असावा. अडचण एवढीच होती की बायका दर्यापूर, चांदूर बाजारहून येत आणि दारातूनच विचारत, "बाई आहेत का?" बाई नसतील तर त्या तशाच परत जात.

तिच्या आयुष्याचा एकच नियम होता. कोणतीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर लावायची आणि एक दिवस वाट पाहायची. पुरळ आले नाही, आग झाली नाही, तरच ती पुढे तोंडाला. क्रीमच्या बाबतीत हा नियम रास्त आहे. मेहुणीने तो सर्वत्र लागू केला. नवी चप्पल ती एक दिवस घरातच घालून हिंडे. भाड्याची खोली ठरवण्यापूर्वी तिने घरमालकाची परवानगी घेऊन तिथे सतरंजीवर एक रात्र काढली. फार पूर्वी चांदूर बाजारचे एक स्थळ तिला पाहायला आले होते. मुलगा बरा होता, नोकरी होती. तिने त्याला सांगितले, उद्या याच वेळी पुन्हा चहाला या, मग सांगते. तो आला नाही. माझी पत्नी रडली. मेहुणी शांतपणे म्हणाली, "रिअ‍ॅक्शन आली पाहा."

या तपासण्यांसाठी लागणारे कोपर बहुधा माझेच असे. म्हाताऱ्या माणसाची कातडी खोटे बोलत नाही, असे तिचे मत होते. गेल्या वर्षी माझ्या पुतणीचे लग्न निघाले. लग्न बुद्धविहारात, पांढऱ्या वस्त्रांत. आदल्या संध्याकाळी घरी हळद. बाजारातून हळदीचे तयार पुडे आले होते, रंगाला झळझळीत. मेहुणीने त्यातली चिमूटभर हळद पाण्यात कालवून दोन दिवस आधीच माझ्या कोपराला लावली आणि कारण सांगितले नाही. मी नेहमीप्रमाणे पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, बटणे लावून निवृत्त शिक्षकांच्या सभेला गेलो. ठरावाला अनुमोदन देण्यासाठी हात वर केला तेव्हा बाही पिवळी झालेली सर्वांना दिसली. शेजारी बसलेल्या जुन्या सहकाऱ्याने हळूच विचारले, "सर, दुसऱ्यांदा का?" घरी येईपर्यंत हातावर लाल गांधी उठल्या होत्या. मेहुणीने त्या पाहिल्या, पुडे उचलले आणि उकिरड्यावर टाकले. घरात मोठा गहजब झाला. आत्या, माम्या तिच्यावर तुटून पडल्या. तिने दर्यापूरच्या आपल्या मावसबहिणीकडून घरी कांडलेली हळद एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती मागवली आणि तीही एक दिवस माझ्या दुसऱ्या कोपराला लावली. दुसरे कोपर निर्दोष राहिले. नवरीला हळद लागली. लग्नात नवरीचा चेहरा स्वच्छ होता. मी मात्र दोन्ही बाह्या खाली ओढून बसलो होतो.

नवरीला सजवण्यासाठी अकोल्याहून एक बाई आल्या होत्या. त्या तिथे त्वचेची निगा आणि सौंदर्योपचार शिकवण्याचा वर्ग चालवतात. हळदीची हकिकत ऐकून त्यांनी माझे कोपर पाहिले, मग मेहुणीकडे पाहिले आणि सांगितले, माझ्याकडे शिकायला या. नऊ महिन्यांचा अभ्यासक्रम. वयाची अट नाही. त्यांनी जाताना प्रवेशाचा अर्ज ठेवला. पंधरा दिवसांत भरून द्यायचा होता.

ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चेहऱ्यांबद्दल क्षणात निकाल दिले, तिला आपला निकाल देता येईना. नोकरी सोडावी लागणार होती. मालकाने स्पष्ट सांगितले होते की गेलात तर जागा दुसऱ्या बाईला देईन. तिने अर्ज आमच्या घरातल्या फळीवर, बुद्धमूर्तीच्या पायाशी ठेवला. रोज सकाळी ती तो काढून वाचे आणि परत ठेवी. "जाऊ का नको जाऊ?" हा प्रश्न तिने दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सर्वांना विचारला. अखेर नियमाप्रमाणे ती बडनेऱ्याहून गाडी पकडून एका दिवसासाठी अकोल्याला गेली, वर्गात मागच्या बाकावर बसली आणि परत आली. एक दिवस थांबली. पुरळ आले नाही. तरीही अर्ज फळीवरच राहिला.

मुदत संपायला दोन दिवस होते तेव्हा तिने मला खरे कारण सांगितले. ती लहानपणी दर्यापूरकडे आईबरोबर कापूस वेचायला जात असे. बोंडाच्या टोकांनी बोटे चिरत, भरत, पुन्हा चिरत. पुढे वीस वर्षे खोकी फोडण्यात गेली. तिने दोन्ही पंजे टेबलावर ठेवले. इतकी वर्षे माझी हनुवटी धरणारी ती बोटे मी तोवर पाहिली नव्हती.

"तिथल्या पोरींचे हात लोन्यासारखे आहेत, भाऊजी," ती म्हणाली. "ह्या हातानं म्या कोनाच्या गालाले बोट लावावं? बाकीचे गोड बोलतीन. तुमी खोटं बोलत नाई, म्हनून तुमाले इचारून राह्यली."

मी परीक्षा घेतल्याखेरीज निकाल देत नाही. तसे सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आरामखुर्चीत, खिडकीशी, डोळे मिटून बसलो. माझी पत्नी साक्षीदार म्हणून दारात उभी राहिली आणि हसू लागली, म्हणून तिला आत पाठवले. मेहुणीने कोमट पाण्याने माझे तोंड पुसले, काहीतरी थंड लावले आणि कपाळावरून कानशिलाकडे बोटे फिरवू लागली. बोटे खरबरीत होती. हे मी मनाशी नीट नोंदवले. सहा प्रश्न तयार ठेवले होते. पहिला दाबाविषयी होता. त्यानंतरचे मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरले होते. मेहुणी समोर स्टुलावर बसली होती, हात मांडीत लपवून. पत्नी दारात होती. "चाळीस वर्षांत हे दुपारी कधी झोपले नाहीत," ती म्हणाली, "आणि घोरले तर गल्लीभर."

मेहुणीने तिच्याकडे पाहिले नाही. "निकाल सांगा," ती मला म्हणाली.

"हात खरबरीत आहेत," मी म्हणालो. तिची मान खाली गेली. "मला झोप लागली. अर्ज भर."

तिने उठून माझी हनुवटी धरली, चेहरा खिडकीकडे वळवला, आणि काही दोष न सापडल्यासारखी सोडून दिली. अर्ज त्याच संध्याकाळी भरला गेला. रकाने मी तपासले. दोन चुका होत्या.

आता ती अकोल्याला असते. दुकानात नवी बाई आहे. ती मागेल त्याला मागेल ते देते, आणि दर्यापूरच्या बायका दारातूनच परत जातात. आमच्या गल्लीतले चेहरे कसे आहेत, हे कोणी पाहत नाही. दूधवाला दूध ठेवतो तेव्हा क्षणभर उजेडात थांबतो आणि मग जातो. सकाळचा चहा आम्ही दोघेच घेतो. अजूनही तीन कप निघतात, मग एक परत आत जातो.

मागच्या रविवारी ती आली होती. वर्गात पाठ केलेली लांबलचक नावे तिने मला म्हणून दाखवली. निघताना तिने पिशवीतून एक डबी काढली, स्वतः बनवलेला लेप होता. माझी बाही वर सारून तिने तो डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर लावला. "उद्या संध्याकाळपरेंत धुऊ नका," असे बजावून ती गाडीला गेली.

सोमवारची संध्याकाळ कधीच उलटून गेली. आज गुरुवार आहे. पुरळ नाही, आग नाही. डावा हात बादलीपासून दूर धरून अंघोळ करणे या वयात सोपे नसते, एवढेच येथे नमूद करतो.