खिडकीजवळच्या कुंडीला पाणी नको

इथे येणारे अनुभव मी नियमित वाचतो, आणि खरं सांगतो — चहा पिता पिता हसतो. आमच्या घराण्यात कुणाला भूत दिसलंच, तर तो आधी डोळ्यांचा नंबर तपासून येईल! मी स्वतः पेन्शनच्या ऑफिसात जन्म काढलेला माणूस. जे फॉर्मवर नाही ते माझ्या लेखी नाहीच. तरीही हे लिहायला बसलोय. हसलात तरी चालेल. अर्ध्या वाटेपर्यंत मीही तुमच्याबरोबर हसेन.

साल ९२ असावं, किंवा ९३. इंग्लंडात रीडिंग गावातलं आमचं टेरेस घर, म्हणजे रांगेतलं, भिंतीला भिंत लागून. खाली दोन खोल्या, वर दोन, मध्ये तेरा पायऱ्यांचा अरुंद, उभा जिना. माझी बायको शैला हिला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. पाय चालेनात म्हणून तीन वर्षांपासून तिचा पलंग खालच्या फ्रंट रूममध्ये. चालेनात तर चालेनात, पण ते गप्पही बसेनात. दिवसातून कितीतरी वेळा पेटके यायचे, पाय काठीसारखे ताठ व्हायचे आणि ती उशीचा अभ्रा दातात धरायची. गोळ्या होत्या. गोळ्यांनी शैला गुंगायची, पाय जागेच.

या आजाराच्या सपोर्ट ग्रुपमध्ये मार्गारेट नावाची सत्तरीची बाई यायची. चर्चमध्ये फुलं सजवणारी, अत्यंत सज्जन. तिने एकदा मला कोपऱ्यात घेऊन चहाच्या डबीतून सात बिया दिल्या. म्हणाली, “फॉर हर लेग्ज, डिअर.” तिच्या नवऱ्याला याच दुखण्यात त्याने आराम पडला होता म्हणे.

बिया गांजाच्या होत्या. होय. आयुष्यात लायब्ररीचं पुस्तकसुद्धा कधी उशिरा न परत केलेला मी, वरच्या मागच्या बेडरूममध्ये गांजा लावला! सातांपैकी चार रुजल्या. खोलीला कुलूप, किल्ली पँटच्या खिशात. सकाळी शैलाचं करायला एक बाई यायची, तिला सांगितलं, “वर अडगळ आहे.”

आता माझ्या बागकामाबद्दल. तुळशीला घालतात तसं मी रोज अंघोळ झाली की ओल्या केसांनी चारही कुंड्यांना तांब्याभर पाणी घालायचो. इंग्लंडातल्या त्या गार खोलीत माती आठवडाभर सुकत नसे, हे कुणाच्या लक्षात? खालची पानं पिवळी पडली. मी म्हटलं, उपाशी आहेत बिचाऱ्या. टोमॅटोचं खत घातलं, दुप्पट. पानांची टोकं करपून तपकिरी झाली, झाडं माना टाकून उभी. मी म्हटलं, तहान लागली असेल — अजून एक तांब्या! मग तांदळाचं धुवण, चहाचा चोथा, एकदा तर ताकसुद्धा. झाडं बोलत नव्हती म्हणून, नाहीतर त्यांनीच पोलिसांना फोन केला असता.

गंमत अशी की, झाडांतलं कळणारी बाई घरातच होती. शैला तळेगावची, वडिलांच्या गुलाबांच्या नर्सरीत वाढलेली. पण मी तिला फक्त “मस्त चाललंय” एवढंच सांगायचो. लाज, दुसरं काय! तिच्या पायांचा आराम ज्याच्यावर अवलंबून होता, ते मी रोज सकाळी श्रद्धेने बुडवत होतो.

ती म्हणायची, “अहो, मला एकदा वर न्या ना. डोळ्यांनी बघते.”

“पाठ धरलीय गं. रविवारी नेतो.”

रविवारी पाऊस असायचा, किंवा मंडळाची मीटिंग, किंवा पाठ.

मी तेव्हा हाफ डेवर होतो, एक वाजता घरी. जेवण झालं की शैलाला तासभर डोळा लागायचा. अशाच एका दुपारी मी किचनमध्ये भांडी घासत होतो. ती जागी होऊन म्हणाली, “वर जाऊन आले.”

“हो का? कशी आहे हवा वरती?”

“चेष्टा पुरे. खिडकीजवळच्या कुंडीला पाणी नको. ती उपाशी नाहीये हो, बुडतेय. पिवळं पान दिसलं की पाजायचं, ही काय पद्धत झाली? मुळांना श्वास नको?”

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. पिवळ्या पानांचं मी तिला कधी बोललोच नव्हतो. मग स्वतःला समजावलं — मला ओळखते ना, अंदाज मारला असेल.

वर गेलो. कुलूप उघडलं. चारही कुंड्यांच्या मातीत एकेक भोक. बोट खुपसून बघतात ना, तसं. दोन पेरं खोल, बारीक. शेजारी मी माझं बोट खुपसून पाहिलं. माझं भोक म्हणजे उंदराचं बीळच.

त्या दिवसापासून दर दोन-तीन दिवसांनी हे व्हायचं. दुपारची झोप, मग “जाऊन आले,” मग निदान. एकदा म्हणाली, “तिसरीची वरची पानं पिवळी, पण शिरा हिरव्या आहेत. इथलं नळाचं पाणी जड, किटलीत बघा कसा थर बसतो. तिला पावसाचं पाणी द्या.” आणखी एकदा, “टोकं करपलीत ती खताने. महिनाभर खत बंद. नुसतं पाणी, तेही बोट कोरडं निघालं तर.” मी वर जाऊन बघायचो, तर सगळं तिने सांगितल्याबरहुकूम. आणि मातीत नवी भोकं.

एका दुपारी मी शास्त्रीय प्रयोग केला. ती झोपल्यावर तेराही पायऱ्यांवर रांगोळी भुरभुरली आणि जिन्याकडे पाठ करून किचनमध्ये बसलो. (पाठ का? भीती! दुसरं काय.) तासाभराने हाक आली, “अहो, जाऊन आले.” मी पुराव्यासाठी धावत सुटलो, थेट वरपर्यंत. वर पोचल्यावर लक्षात आलं, की आता सगळ्या रांगोळीत माझेच, दहा नंबरचे पाय उमटलेत. असा हा तपास.

मान खाली घालून तिच्याजवळ येऊन बसलो. हात पुसायला घेतले. जेवण झाल्यावर तिचे हात मीच धुवायचो, त्या दिवशीही धुतले होते. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या नखात काळी माती होती. ओली.

 ती नुसती माझ्याकडे बघत होती — शाळेत गृहपाठ केलेली मुलगी मास्तरांकडे बघते तशी.

तिचं ऐकलं आणि झाडं सावरली. उन्हाळा सरता सरता शेंडे भरले. मी तुपात परतून, दुधात वेलची घालून, होळीला बघितलेलं आठवत आठवत पहिला कप केला. भीती वाटत होती, म्हणून आधी स्वतः दोन घोट घेतले आणि फ्रिजच्या आवाजावर पाऊण तास हसलो. मग तिला दिलं, अगदी चमच्या-चमच्याने. संध्याकाळी चार वाजता ती झोपली. मी पांघरुणाखाली हात घालून पाहिलं. पाय सैल. लहान मुलाचे असतात तसे, बाहेरच्या बाजूला कललेले. तीन वर्षांत ते तसे मी पाहिले नव्हते. मी तिथेच खाली कार्पेटवर बसलो आणि ढसाढसा रडलो. ते दोन घोटांमुळे नव्हे.

दहा-बारा आठवडे असे गेले. तिला भूक लागायची. मला नावं ठेवायची. आम्ही दुसरी खेप लावली.

ऑक्टोबरात एकदा ती उठली आणि म्हणाली, “आज अर्ध्या जिन्यावरूनच परत आले. दमले हो.” दोन आठवड्यांनी म्हणाली, “खालच्या पायरीवरच बसून राहिले.” मग नोव्हेंबरच्या एका दुपारी ती जागी झाली आणि बराच वेळ छताकडे बघत राहिली. मीच विचारलं, “गेली होतीस?”

“नाही हो. आता जमत नाही मला जिना.”

वर जाऊन पाहिलं. माती गुळगुळीत. हॉस्पिटलवाल्यांनी वाईट बातमी जानेवारीत दिली. मला ती नोव्हेंबरातल्या त्या दुपारीच कळली होती.

त्याच दुपारी तिने विचारलं, “न्याल मला वर?” पाठीचं नाव न काढता मी तिला उचललं. वजन म्हणावं असं काही राहिलंच नव्हतं. वर कुंड्यांपाशी खुर्चीत बसवलं. तिने प्रत्येक झाडाचं पान दोन बोटांत धरून उलटं करून पाहिलं. मग भिंतींकडे पाहत राहिली.

“काय गं?”

“खोली लहान आहे हो. मी यायचे तेव्हा मोठी असायची.”

ती मार्चमध्ये गेली. छातीत कफ साठून. शेवटच्या आठवड्यातसुद्धा पाय शांत होते, एवढं समाधान.

आमच्या डॉक्टरांना मी नंतर हे सांगितलं, झाडं कसली ते न सांगता. ते म्हणाले, ताणाखाली माणूस स्वतःच काहीतरी करतो आणि विसरतो. भोकं तुम्हीच पाडली असतील. असेल बुवा. पण माझं बोट त्या भोकात जात नव्हतं, आणि तिच्या नखातली माती मी स्वतः टाचणीने काढली. याचं explanation माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आज तीस वर्षांनीही नाही. इथे कुणाकडे असेल तर लिहा, वाचीन.

माझ्यापुरतं मात्र ते तितकंसं अडलेलं नाही. तिला जायचं होतं, ती कशीतरी गेली. न सुटणारं आहे ते माझं. कुंड्यांसाठी मी दिवसातून दहा वेळा तो जिना चढत होतो. त्या दिवशी तिला घेऊन चढलो, तर पुरतं एक मिनिटही लागलं नाही.