एका गिटारवर दोघं

अंकलच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती त्यांच्या उजव्या हातासाठी. मी फिजिओथेरपिस्ट आहे. सकाळी दवाखाना, दुपारी घरोघरी जाऊन रुग्णांचे व्यायाम. अंकलना लकवा मारून दोन महिने झाले होते. पाय बराच सुधारला होता. काठी टेकत ते अंगणातल्या नळापर्यंत जायचे. बोलणं जड, सावकाश. उजवा हात मात्र मूठ मिटून मांडीवर पडलेला असायचा आणि अंकल त्याच्याकडं बघायचेच नाहीत. शेजारच्या कुणीतरी आपली पिशवी ठेवून जावी आणि परत न्यायला येऊ नये, तसा तो हात.

त्यांचं घर छावणीत. बैठं, पुढं कडुलिंब. दुपारी तीनच्या सुमाराला त्या गल्लीत एवढी शांतता असते की पंख्याचा आवाजसुद्धा मोठा वाटतो. खिडकीला हिरवट पडदा होता. त्यातून येणारा उजेड खोलीभर पाण्यासारखा हलत राहायचा. बाहेर ऑक्टोबरचं रणरणतं ऊन, आणि आत तळ्याच्या तळाशी बसल्यासारखं. तिथं शिरलं की पहिली पाच मिनिटं मला मघाचे रुग्ण, पुढचे रुग्ण, काहीच आठवायचं नाही.

व्यायाम ते करत नव्हते. कपड्यांचे चिमटे उघडून वाटीच्या काठाला लावायचे, स्पंज दाबायचा, टेबलावर एकेक बोट उचलायचं. दोन चिमटे झाले की म्हणायचे, "बस. नक्को आता." त्यांच्या पत्नी, म्हणजे आंटी, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "चिमट्यांनी काय होणार? ह्या माणसानं अख्खं आयुष्य गिटार वाजवण्यात घालवलंय."

वेरूळ-अजिंठा बघायला येणारे परदेशी पाहुणे उतरायचे अशा एका मोठ्या हॉटेलात अंकल रोज संध्याकाळी जेवणाच्या हॉलच्या कोपऱ्यात बसून वाजवायचे, हे मला तेव्हा कळलं. गिटार कपाटावर होती, चादरीत गुंडाळलेली.

"काढू नको," अंकल म्हणाले.

आंटींनी स्टूल ओढलं आणि काढली.

मला गाण्याबजावण्यातलं काही कळत नव्हतं. आमचं घर धनगराचं, गाव वेरूळच्या पलीकडं. घरात वाद्य म्हणजे चुलत्याचा ढोल, तोही जत्रेपुरता. माझा विचार साधा होता: डावा हात चांगला आहे, तो कामाला लागला तर माणूस जरा खुलेल. मी गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली.

बराच वेळ काही झालं नाही. मग डावा हात आपोआप वर सरकला आणि बोटं तारांवर बसली. चार बोटं चार ठिकाणी, भिंतीवर कोळी बसतो तशी. अंकल थांबले. उजव्या हाताची वाट बघत होते बहुतेक. तो हलला नाही. दाबून दाबून त्यांच्या डाव्या बोटांची नखं पांढरी पडली.

"वाजव," माझ्याकडं न बघता ते म्हणाले.

"मी?"

"दुसरं कोण आहे इथं?"

मी अंगठ्यानं वरून खाली सगळ्या तारा खरवडल्या.

"झाडू नक्को मारू," अंकल म्हणाले, आणि हसले. झटक्यानंतर ते पहिल्यांदा हसले असं आंटींनी मला नंतर फाटकापाशी सांगितलं.

मग त्यांनी मला सांगितलं ते एवढंच. अंगठा जाड तारेवर. पहिली तीन बोटं पलीकडच्या तीन तारांवर. मिठाची चिमूट उचलतात तशी तिन्ही एकदम उचलायची. मी स्टूल त्यांच्या उजव्या खांद्यामागं ओढलं आणि त्यांच्या बगलेखालून हात पुढं घातला. रुग्णाला उभं करताना आम्ही याहून जवळ जातो, त्यामुळं संकोच वाटला नाही. चिमूट उचलली.

जो आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता. गोड होता, पण पुरा नव्हता. एखादा माणूस घरापर्यंत यावा, दार उघडं दिसावं, आणि तरी त्यानं ओट्यावरच थोडा वेळ बसावं, असा.

"हे काय आहे?"

"मेजर सेव्हन," अंकल म्हणाले. "सा आहे, पण त्याच्यासोबत नी पण बसलाय. भांडत नाहीत दोघं." त्यांनी बोटं सरकवली. "आता परत."

तासाभरात एकही चिमटा उघडला नाही.

त्या संगीताला बोसा नोव्हा म्हणतात, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. ब्राझीलकडचं. अंकल तरुण असताना हॉटेलातला एक पाहुणा खोलीत कॅसेट विसरून गेला होता. अंकलनी ती मागं-पुढं करून करून, एकेक कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांची जुडी, शोधत, सगळी बोटात उतरवली. त्याआधी ते हिंदी गाणी वाजवायचे आणि कुणी ऐकायचं नाही. "हे पण कुणी ऐकत नव्हतं," ते म्हणाले, "पण हे वाजायला लागलं का लोक हळू बोलायचे. लई फरक आहे त्यात."

मला वाटलं होतं कॉर्ड अवघड असतील. ते तर अंकलच्या हातात होते. अवघड निघाला तो माझा हात. अंगठ्यानं एक-दोन, एक-दोन असं सरळ चालायचं, जाड तार, मग तिच्या शेजारची. आणि बोटांनी त्याच्याबरोबर पडायचं नाही. कधी आधी, कधी मधेच. बोटं आधी आली की माझा अंगठा थबकायचा आणि त्यांच्याकडं बघत बसायचा.

"अंगठ्याला सांग, तू तुझ्या कामाला जा," अंकल म्हणायचे.

तो जात नव्हता. मी स्कूटीवर सराव करायचे. क्रांती चौकात सिग्नलला थांबलं की हँडलवर अंगठा एक-दोन, एक-दोन, आणि बोटं ब्रेकवर. एकदा हिरवा दिवा लागून गेला तरी मी तिथंच. मागचा रिक्षावाला ओरडला, "ओ मॅडम, झोपल्या काय?" मी खरोखरच कुठंतरी दुसरीकडं होते. गाड्यांचे हॉर्न मला कधी अंगठ्याच्या आधी पडत होते, कधी नंतर, आणि ते सगळं एका लयीत चाललंय असं वाटत होतं.

रविवारी मी हर्सूलच्या तलावावर गेले, शहरात मी राहते तिथून जवळच. काठाला बसले होते तर मेंढरं आली. दीडएकशे असतील, मागं एक म्हातारा, खांद्यावर घोंगडं. मेंढरांच्या पायांचा आवाज सगळा मिळून एकच होतो, चालता, न थांबणारा. आणि दोन-तीन मेंढरांच्या गळ्यात घंटा होत्या. त्या त्यांच्या मर्जीनं वाजत होत्या. पायांशी त्यांचं काही ठरलेलं नव्हतं, पण त्या पायांना सोडूनही जात नव्हत्या.

मला माझं लहानपण आठवलं. उन्हाळ्यात वडिलांबरोबर रानात जायचे तेव्हा परतताना मी चालता चालता पेंगायचे. वडील माझं मनगट धरून ठेवायचे. डोळे मिटलेले असायचे तरी पाय चालत असायचे, आणि घंटा कुठून तरी लांबून, मधूनच. किती वर्षं मी तो आवाज ऐकला होता. मांडीवर अंगठा आपटला, बोटं उचलली. अंगठा थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी वाजवता वाजवता अंकलना मेंढरांचं सांगितलं. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. "ठीक. आज जरा बरं पडलं," म्हणाले आणि पुढचा कॉर्ड धरला. पण त्या दिवशी आम्ही न थांबता पूर्ण एक चाल वाजवली. त्यांची डावी बोटं एका आकारातून दुसऱ्यात अशी जायची की बदल झाला हे कळायचं सुद्धा नाही, आणि तो प्रत्येक बदल माझ्या हातातून बाहेर पडायचा. मधे कधीतरी तो हात माझा आहे हे मी विसरले. आंटी स्वयंपाकघरातून ओला हात पुसत आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

असे चार महिने गेले. त्या दुपारी आता आठवताना एकमेकींत मिसळतात. कुठल्या दिवशी काय वाजवलं ते सांगता येत नाही, पडदा हलतोय, कडुलिंबाच्या काड्या ओसरीवर पडताहेत, अंकल पुटपुटताहेत, "हळू. शेजारच्याला ऐकू गेलं म्हणजे चुकलं."

पण एक गोष्ट मला टोचत होती. मी त्यांच्या उजव्या हातासाठी येत होते. व्यायाम आम्ही घ्यायचो, अर्धा तास घ्यायचो, पण दोघांचंही लक्ष घड्याळाकडं असायचं. मनगट वळायला लागलं होतं, मूठ सैल झाली होती. बोटं मात्र एकेकटी उचलत नव्हती. दर महिन्याला मी तपासून वहीत लिहायचे, आणि तीन महिने मी तेच तेच लिहीत होते. गिटार वाजवायला जशी लागतात तशी ती बोटं आता बहुतेक येणार नाहीत, हे मला दिसत होतं. सांगणं माझं काम होतं. मी सांगत नव्हते, कारण सांगितलं की दुपार संपेल अशी भीती होती. ती भीती माझ्यासाठी होती, त्यांच्यासाठी नव्हती. त्याची लाज वाटायची.

एका मंगळवारी मी गिटार न काढता बसले आणि सांगितलं. शक्य तेवढं सरळ.

अंकल ऐकत होते. मग म्हणाले, "मला दिवाळीतच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू शिकत होतीस." काठी हाताशी ओढत म्हणाले, "आता जा. आज नक्को."

त्यानंतर दोन आठवडे फोन आला नाही. मी केला तर आंटी म्हणायच्या, "झोपलेत." ते झोपलेले नसणार हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी दुपारी तीनला दुसऱ्या रुग्णाकडं, एका आजींकडं जाऊ लागले, सिडकोत, चौथ्या मजल्यावर. तिथं भरपूर उजेड होता, टीव्ही चालू असायचा. माझा अंगठा मात्र कुठंही चालत राहायचा. रुग्णाचा गुडघा धरलेला असताना सुद्धा. एकदा त्या आजी म्हणाल्या, "व्हय गं, काय मोजतीयस?"

मग एक दिवस आंटींचाच फोन आला. "ये गं. ते ऐकत नाहीत माझं."

गेले तर अंकल गिटार घेऊन बसले होते. गिटार एकट्यानं मांडीवर घेतली होती, कशी ते देवाला माहीत. उजवा हात त्यांनी पंच्याच्या घडीवर टेकवून तारांजवळ ठेवला होता. मूठ अर्धवट मिटलेली, तिच्यातून अंगठा तेवढा बाहेर.

"बघ," म्हणाले.

अंगठा जाड तारेवर पडला. आवाज आला, बोदा, पण आला. मग बराच वेळ काही नाही, आणि मग शेजारच्या तारेवर. एक. दोन.

मी तपासणारी बाई असल्यासारखं विचारलं, "खांद्यातून ढकलताय का?"

"थोडं खांद्यातून, थोडं खरं," ते म्हणाले. "स्टूल घे. तुझा अंगठा बाजूला ठेव. बोटं दे फक्त."

मी त्यांच्या खांद्यामागं बसले आणि तीन बोटं तारांवर ठेवली. त्यांचा अंगठा अतिशय सावकाश चालत होता, सारखा पण नव्हता. एखादं पाऊल लांब पडायचं, एखादं आखूड. पहिल्यांदा मी माझ्या लयीनं गेले आणि सगळं कोसळलं. "तुला घाई आहे का कुठं जायची?" त्यांनी विचारलं. नव्हती. मी डोळे मिटले आणि त्या अंगठ्याच्या मागं राहिले. तो पडला की ऐकायचं, पुढचा पडायच्या जरा आधी उचलायचं. इतक्या हळू ती चाल कुणी वाजवली नसेल. दोन कॉर्डच्या मधे पाखराचं ओरडणं ऐकू येत होतं. आंटी खाली सतरंजीवर बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा अंकलकडं होता.

आता मी दर गुरुवारी जाते. रुग्ण म्हणून त्यांचं नाव माझ्या वहीत नाही. त्यांचा अंगठा सुधारलाय, चालीच्या शेवटापर्यंत पोचतो. बोटं तशीच आहेत. मी माझी स्वतःची गिटार घेतली आणि डाव्या हाताचे आकार शिकतेय. अंकल त्यावर फारच कडक आहेत. माझ्या डाव्या बोटांच्या टोकांना घट्टे पडलेत. परवा दवाखान्यात एका बाईचा पाय गार आहे का बघायला डाव्या हाताची बोटं लावली आणि काहीच कळलं नाही. उजव्यानं पुन्हा बघितलं. गार होता. तिला मोजे घालायला सांगितलं.