एकसष्ट घरांचे शेजारी

महांतेशनं चिठ्ठ्यांच्या पिना काढल्या आणि घोटाळा झाला. धाराशिवला कॉम्प्युटर शिकणारा हुशार पोरगा. स्कॅनरमध्ये पिना अडकतात हे त्याला कळलं, चिठ्ठीला टाचलेलं एसटीचं जुनं तिकीट कचरा असतं हेही कळलं. ही चिठ्ठी कोणाच्या घरची, ते त्याच तिकिटामागं लिहिलंय, एवढं मात्र कळलं नाही.

चिठ्ठ्या कल्याणप्पांच्या. सास्तूरचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या रात्री ते मुक्कामाच्या गाडीवर होते. बातमी कळल्यावर आधी डेपोत तिकिटांची पेटी जमा केली, मग गावी आले. घर नव्हतं, बायको रुद्रम्मा नव्हती. रडू आलं नाही. अजून येत नाही. घर होतं तिथं तिच्या नावाचा दगड ठेवायचा, एवढंच त्यांच्या मनात. पण गाव दुसरीकडं वसवलेलं, जुन्या जागेवर आता बाभळी. बारव तेवढी उरलेली. गल्ल्याच मिटल्यावर आपलं घर तिच्या कोणत्या अंगाला, हे त्यांनाही उमगेना; तिथून घरामागं घर मोजत गेलं तर जागा सापडणार. म्हणून बारा वर्षं ते म्हाताऱ्यांना विचारत हिंडले, "तुमच्या भिंतीला कोणाकोणाची भिंत?" एकसष्ट घरं, एकसष्ट चिठ्ठ्या, प्रत्येकीत शेजाऱ्यांची नावं. त्यांवरून महांतेश कॉम्प्युटरवर गावाचा नकाशा करून देणार होता.

"आप्पा, तिकिटं कचऱ्यात गेली."

"समदी?"

"व्हय."

"म्हंजी अख्खं गाव विनातिकीट." कल्याणप्पांनी बशीत चहा ओतला.

हयात होते त्यांना पुन्हा विचारलं. बावीस चिठ्ठ्यांचे मालक सापडले. उरलेल्या एकोणचाळीस चिठ्ठ्या सांगणारे गेलेले.

"शेजारी तर लिहिलेत की, आप्पा. कोणाचे, ते मशीन काढंल."

खूणही होती. ज्याचं नाव तीन चिठ्ठ्यांत, त्याच्या चिठ्ठीत तीनच नावं असणार. पण गावातली बहुतेक घरं तीन शेजाऱ्यांचीच. आधी दहाच चिठ्ठ्या दिल्या, त्या मशीननं चुटकीसरशी लावल्या. एकोणचाळीस दिल्यावर लॅपटॉप चार दिवस नुसता तापला.

"तयार नकाशा बरोबर आहे का, हे तपासणं सोपं," कॉलेजच्या शिवप्रिया मॅडम म्हणाल्या. "शोधायचा झटपट मार्ग आजवर कोणालाच सापडला नाही. एकेक घर वाढलं की शक्यता कैक पटींनी वाढतात. तुझं नशीब असेल तर लागेल. आणि लागला तरी एकच असेल, असं नाही."

नवव्या दिवशी नकाशे लागले. दोन. एकात कल्याणप्पांचं घर बारवेच्या पश्चिमेला, दुसऱ्यात उत्तरेला.

कल्याणप्पांनी तिकीट तपासावं तसे दोन्ही कागद पाहिले. "खरा कंचा?"

"चिठ्ठ्यांना दोन्ही चालतात, आप्पा."

"बायकू येकच व्हती रं."

महांतेशनं दोन्ही कागद पुन्हा चिठ्ठ्यांशी ताडून पाहिले.

आठवड्यानं कल्याणप्पांनी दोन दगड घडवून आणले. एक पश्चिमेला स्वतः ठेवला, हात झटकले, घरी येऊन जेवले. दुसरा महांतेशच्या दारात टाकला. "उत्तरंचा तू ठिव. तिकिटांच्या बदली तुज्याकडं लागतो."

दिवाळी होऊन गेली. दगड दारातच आहे. अंगणातली माती भुसभुशीत, म्हणून महांतेश मोटारसायकलचं स्टँड त्याच्यावर टेकवतो. कल्याणप्पा रोज तिथून जातात, विचारत नाहीत.