घरातलीच मनाची डॉक्टर

मी पिंगळी सोडली त्या दिवशी एसटी बंद होत्या. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, आणि तो किती दिवस चालेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून दादांनी, माझ्या वडिलांनी, मला पॅसेंजरनं धाडायचं ठरवलं. स्टेशनवर दादा होते, माय होती आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली माझी थोरली बहीण, अक्का, पोट सांभाळत लिंबाच्या सावलीत उभी होती. दादा भेटेल त्याला सांगत होते की पोरगी पुण्याला दवाखान्यात नोकरीला चालली. नोकरी नेमकी कसली हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. परभणीच्या कॉलेजात मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाले होते, आणि तिकडे मनोरुग्णांच्या घरच्यांशी बोलायला एक मुलगी हवी होती, एवढंच कळलं होतं. मायनं गाठोड्याची गाठ पुन्हा एकदा आवळली आणि म्हणाली, "कुणाच्या घरचं इचारायचं न्हाई, आपल्या घरचं सांगायचं न्हाई. मग कुटंबी राहा." गाडी हलली तशी अक्का खिडकीसोबत थोडी चालली. "सुमे, केसाला तेल लावत जा," ती म्हणाली, "तिकडं कुणी लावून देणार न्हाई."

मायनं नेमकं हे सांगावं आणि मी नेमका तोच धंदा पत्करावा. लोकांच्या घरचं विचारायचं, आणि शिकता शिकता स्वतःच्या घरचंही सांगायचं. माझ्या बरोबरीचे जे तिकडेच राहिले ते अजून मला विचारतात की तू करतेस तरी काय. जे माझ्यासारखे निघाले ते विचारत नाहीत, कारण त्यांनाही त्यांचं काम घरी नीट सांगता आलेलं नाही.

वर्षभर काम केल्यावर दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मला संध्याकाळच्या एका अभ्यासक्रमाला घातलं. समुपदेशक व्हायचं, पण उपदेश करायचा नाही, ही पहिली अट. पन्नास मिनिटं ऐकायचं. समोरचा माणूस तुमच्यावर रुसतो, चिडतो, लाड मागतो, तेव्हा तो बऱ्याचदा लहानपणच्याच कुणाशी तरी भांडत असतो, हे ओळखायचं. त्याला ट्रान्सफरन्स म्हणत. पेशंटनं प्रेमानं डब्यातून धपाटे आणले तरी घ्यायचे नाहीत, उलट का आणावेसे वाटले ते विचारायचं. परभणीच्या माणसाला याहून अवघड शिक्षा नाही. पहिल्यांदा मी तसं विचारलं तेव्हा त्या बाई बिचाऱ्या डबा पदराखाली घेऊन निघून गेल्या, आणि मला रात्री जेवण गेलं नाही.

शिकणाऱ्यानंही कुणाकडे तरी जाऊन स्वतःचं बोलायचं, हा नियमच होता. मी ज्यांच्याकडे जायचे त्या माझ्या बाई वयस्क होत्या. आपण दिवाणावर आडवं व्हायचं, त्या डोक्यामागे खुर्चीत बसायच्या. दिसायच्या नाहीत. मनात येईल ते बोला, म्हणायच्या. पहिले कित्येक आठवडे मी फक्त छताकडे बघितलं. शेवटी एकदा म्हणाले, "करमत नाही." त्यांनी विचारलं, करमत नाही म्हणजे काय होतं, दुःख, राग, भीती? आता करमत नाही म्हणजे करमत नाही. जीवाला खातं. आमच्याकडे कुणी याच्या पुढे फोड करत नाही, डोळ्यांवरून हात फिरवून भाकरीला पीठ घेतात.

एकदा त्यांनी विचारलं, तुम्ही घर सोडलंत त्या काळात घरात काय बोलणं चालायचं? नामांतराच्या दंगलीत आजूबाजूच्या गावांत दलितांची घरं जाळली गेली होती. माझ्या वर्गातली, वस्तीतली एक मुलगी त्यानंतर कॉलेजात आलीच नाही. आणि आमच्या घरात त्यावर शब्द झाला नव्हता. जेवणं झाली होती, गुरांना पाणी दाखवलं होतं. आमच्या घरात काय काय बोललं जात नाही, हे मला त्या खोलीत पहिल्यांदा दिसलं, आणि मला फार लाज वाटली.

सुट्टीत गावी आले की दादा ओसरीवर चारचौघांत मला विचारायचे.

"मग तुज्याकडं लोक येतेत आन काय करतेत?"

"बोलतात."

"आन तू?"

"ऐकते."

"एवढ्यासाठी पुण्याला जावं लागतंय व्हय? हितं पारावर बसली असतीस तरी झालं असतं."

सगळे हसायचे, मीही. पण माझ्या पाठीमागे दादा गावात सांगायचे की आमची सुमन मनाची डॉक्टर हाय. मग कुणी डोकेदुखीची गोळी मागायला यायचं, कुणी बैल दाखवायला.

माझं शिक्षण अर्ध्यावर असताना तार आली. अक्का आजारी, ताबडतोब ये. अक्काला येलदरीच्या धरणाकडे दिलेलं होतं. तिची दुसरी मुलगी, संगीता, तेव्हा तान्ही होती. बाळंतपणानंतर अक्का झोपत नव्हती, जेवत नव्हती, पोरीकडे बघत नव्हती. सासरच्यांनी तिला आणि तान्हीला पिंगळीत आणून सोडलं होतं आणि थोरल्या रेखाला मात्र आपल्याकडे ठेवून घेतलं होतं. सासरा जाताना बोलून गेला होता, "बरी झाली की सांगा. न्हाईतर आमाला दुसरं बगावं लागंल."

निघण्याआधी मी माझ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या सहसा काही सुचवत नसत, पण त्या दिवशी स्पष्ट बोलल्या. बाळंतपणानंतर असा आजार होतो, औषधानं बरा होतो, तिला लगेच डॉक्टरकडे न्या. आणि सख्खी बहीण तुमची पेशंट होऊ शकत नाही. मी हे सगळं जसंच्या तसं दादांपुढे ठेवलं. दादांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं हे त्या लोकाला कळलं की समदं संपलं. रेखा तिकडंच राहील, हिचा संसार मोडंल. तूच बस की तिच्यापशी. तू घरातलीच, गोष्ट भाईर जायची न्हाई."

म्हणजे जिनं अक्काला हात लावायचा नाही असा नियम होता, तिच्याच हाती घरानं अक्काला दिलं. मी नाही म्हणायला हवं होतं, असं पुस्तकात आहे. पण पुस्तकात मायचा चेहरा नाही. ती दारात उभी राहून माझ्याकडे अशी बघत होती की आता माझ्या पिशवीतून काहीतरी निघणारच.

दादांनी ग्रामपंचायतीतून दोन लोखंडी खुर्च्या आणवल्या. डॉक्टरकडे खुर्च्या असतात, एवढं त्यांना माहीत होतं. बैठकीत त्या समोरासमोर मांडल्या, दार लोटून घेतलं आणि कोंबडीलाही आत येऊ द्यायचं नाही असा घरात हुकूम सोडला. अक्का पदर डोक्यावरून घेऊन खुर्चीच्या अगदी कडेला, फोटो काढायला बसतात तशी बसली. ती आयुष्यात दादांच्या घरात खुर्चीवर बसली नव्हती. मी शिकल्याप्रमाणे गप्प राहिले. तीही गप्प. मी विचारलं, "अक्का, कसं वाटतं?" ती म्हणाली, "बरं हाय." बऱ्याच वेळानं म्हणाली, "तुला च्या करू का?" रोज दुपारी हेच. माय रानात गेली की जिनं मला काखेला मारून वाढवलं, ती माझ्यापुढे मन मोकळं करेल असं आम्हाला वाटलं कसं, याचं मला आज नवल वाटतं. आमच्याकडे थोरल्यानं धाकट्यावर ओझं टाकायचं नसतं.

एका दुपारी मी थकून मागच्या पायरीवर बसले होते. दुसऱ्या दिवशी मला परत निघायचं होतं. अक्का आपणहून आली, माझ्यामागे वरच्या पायरीवर टेकली आणि माझी वेणी सोडायला लागली. "केसाचं काय करून घेतलंस गं," म्हणाली. हातावर तेल घेतलं. फणी चालायला लागली. लहानपणी ती अशीच बसायची. मग काही वेळानं, माझ्या टाळूकडे बघत, ती बोलायला लागली.

"सुमे, ही पोरगी मला माजी वाटत न्हाई. कुणाची तरी उचलून आणल्यावानी वाटायलीय."

मी हलले नाही.

"रातभर डोळा लागत न्हाई. पाजायला घेतली की हात कापायलेत. तिचं नरडं लय बारीक हाय गं. लय बारीक." फणी थांबली, पुन्हा चालली. "आडाकडं जायचं मी बंद केलंय. पाणी मायलाच आणायला लावते. पोरीला घेऊन तितं उभी राहिले तर माज्या हातून काय हुईल, मला सांगता येत न्हाई."

पुण्यात बोलणारा पुढे आणि ऐकणारा मागे असतो. इथे उलटं होतं. माझे केस तिच्या मुठीत होते आणि मला वळून तिचं तोंड बघता येत नव्हतं. मला वाटलं, हे असंच चालू राहावं, संध्याकाळ होऊच नये. तिनं वेणी घातली, शेवटाला रिबीन बांधली आणि म्हणाली, "कुणाला सांगू नको. सांगितलंस तर मला बहीण न्हाई असं समज."

ऐकलेलं पोटात ठेवायचं, हे मला दोन्हीकडे शिकवलं होतं, पिंगळीतही आणि पुण्यातही. पुण्यात फक्त एक जास्तीचं शिकवलं होतं की जीव जायची भीती असेल तिथे तोंड उघडायचं. मी गोठ्यात जाऊन मायला सांगितलं. मायनं माझं बोलणं संपायचीही वाट बघितली नाही. हातातली वैरण तिथेच टाकली, आत गेली आणि पोरीला उचलून आपल्या कुशीत घेतलं. अक्का चुलीपाशी होती. तिनं मायकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मायनं रात्रीच दादांच्या कानावर घातलं, आणि सकाळी दादांनी जीप करून तिला परभणीला डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू ती झोपायला लागली, जेवायला लागली, आणि एक दिवस, मायनं सांगितलं, पोरीला पायावर घेऊन न्हाऊ घालताना तिनं गाणं म्हटलं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तिला कुणी बघितलं की आमच्याच कुणाच्या तोंडून गेलं, कळलं नाही, पण येलदरीकडे गोष्ट पोचली. सासरा म्हणाला तसंच झालं. मेहुण्यांनी दुसरी केली. रेखा तिकडेच राहिली, तिला भेटायलाही पाठवलं नाही. अक्का बरी झाली आणि तिला जायला घर उरलं नाही.

पुण्यात मी दिवाणावर पडून हे सगळं बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? मी म्हणाले, मी चुकले असं वाटत नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन. आणि तरी मी तिचं सगळं घालवलं. मागे खुर्ची करकरली. वेळ संपली.

त्यानंतर मी गावी गेले तेव्हा अक्कानं माझ्यासाठी सतरंजी अंथरली. कपबशीतून चहा दिला, पाहुण्यांना देतात तसा. "कदी आलात? परवास बरा झाला का?" मी मागे वळून बघितलं, दादांशी बोलते की काय. ती माझ्याशीच बोलत होती. मी म्हणाले, अक्का, मला तुमी काय म्हणतेस? ती म्हणाली, "तुमी शिकलेल्या." त्या दिवसापासून आजपर्यंत मी तिला तुमीच आहे. माझ्या खोलीत अनोळखी माणसं येतात, आईबापाला न सांगितलेलं सांगतात, रडतात, हलकी होऊन जातात. मी चांगली समुपदेशक आहे असं लोक म्हणतात. माझी बहीण मला पाऊसपाणी सांगते.

माय गेली, मागोमाग दादा गेले. आता घर अक्काचं आहे. निघून गेलेली मी, आणि ज्या घरातून तिला लग्न लावून धाडलं त्याच घराची मालकीण ती. तिकडे जायचं ते तिच्याकडेच जायचं. पुण्यात मला घर आहे, भाकरी आहे, मान आहे, पण करमत नाही तेव्हा जीव पिंगळीकडेच ओढतो, आणि तिथे पोचल्यावर कळतं की आपण उंबऱ्याच्या आत बसलेलो पाहुणे आहोत.

यंदा विद्यापीठाचं नाव एकदाचं बदललं, आणि याच उन्हाळ्यात संगीता सातवी पास झाली. हुशार आहे, तोंडाळ आहे, सारखं विचारते. "मावशी, बाबा मला आन आईला कामून नेत न्हाईत? रेखाताईला कामून ठेवून घेतलं?" ती मलाच विचारते, कारण मी ऐकते हे तिनं ओळखलं आहे. अक्कानं तिला पुढच्या शाळेसाठी माझ्याबरोबर द्यायचं ठरवलं. तसं आपल्या तोंडानं म्हणाली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी तिचा हात धरला. तिनं तो धरू दिला. भाकऱ्या फडक्यात बांधत ती माझ्याकडे न बघता म्हणाली,

"घिऊन जावा. शिकवा. तुमच्यावानी नोकरी करू द्या. पर तिला बोलतं करू नका. आन तिनं इचारलं तर तुमाला कायबी माहीत न्हाई."

मी बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तेवढ्याच बोलीवर त्या घराचं दार मला अजून उघडं आहे.